हेडचा टॉर्क आणि आप्तवाक्य

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन पुन्हा बांधताना सिलिंडर हेडचे नट किती जोराने आवळायचे, हे वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एका आकड्यात दिलेले असते. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९५५ साली बाहेर पडू लागलेल्या एमजीए या गाडीसाठी तो आकडा ५० फूट-पौंड, म्हणजे सुमारे ६.९ किलोग्रॅम-मीटर आहे. ट्रायम्फच्या टीआर मालिकेतील सुरुवातीच्या चार सिलिंडरच्या गाड्यांसाठी तो जवळजवळ दुप्पट, १०० फूट-पौंडांच्या आसपास आहे. आकडा छापलेला आहे आणि टॉर्क रेंच बाजारात मिळतो; तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो यंत्रशास्त्राइतकाच ज्ञानशास्त्राचा आहे. सत्तर वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात छापलेला आकडा आज समोर असलेल्या ब्लॉकला, स्टडला आणि गॅस्केटला लागू पडतो, हे कशाच्या आधारावर मानायचे? ज्ञानाची साधने कोणती आणि त्यांची खात्री कशी होते, याचा भारतात सर्वांत काटेकोर विचार न्यायदर्शनाने केला. श्रुतीवरचा विश्वास कसा समर्थनीय ठरतो हाच त्यामागचा एक मोठा प्रश्न होता. मॅन्युअलवरचा विश्वास त्याच कसोटीवर तपासता येतो.

मुंबईत या दोन्ही विद्या एकमेकींपासून फार दूर नाहीत. वडाळ्याच्या हद्दीला लागून माटुंग्यात व्हीजेटीआय आहे. ती संस्था १८८७ साली सुरू झाली आणि १९२३ साली भायखळ्याहून तिथे आली. अन्नंभट्टाचा सतराव्या शतकातला ‘तर्कसंग्रह’ यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या संपादनाखाली १८९७ साली मुंबईतच बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या पिढ्यांतील अनेक विद्यार्थी न्यायशास्त्रात त्याच आवृत्तीतून शिरले. वडाळ्याच्या एका बाजूला फाइव्ह गार्डन्स आणि दादर पारशी कॉलनी आहे, जिथे जुनी गाडी घरातल्या माणसासारखी सांभाळण्याची रीत आहे. दुसऱ्या बाजूला अँटॉप हिल आणि ट्रक टर्मिनलचा परिसर आहे, जिथे हेड उतरवणे हे रोजचे काम आहे. जवळच्याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी तयार होत असे. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा होता. त्यामुळे हेड कसे आवळावे याची जाण या भागात मॅन्युअल हातात न घेताही पिढ्यानपिढ्या उतरत आली आहे.

आधी स्टडमध्ये काय घडते ते पाहिले पाहिजे. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट दाबून धरण्याचे काम नट करत नाही. ते ताणला गेलेला स्टड करतो. नट फिरवला की पोलादी स्टड किंचित लांबतो आणि पूर्वीच्या लांबीला येऊ पाहतो. त्या ओढीतून पकड निर्माण होते. पूर्ण भारावर जळणाऱ्या मिश्रणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या घरात गेला, तर एमजीएच्या ७३ मिलिमीटर व्यासाच्या एका सिलिंडरमागे हेडला सुमारे दोन टनांचा धक्का वर ढकलतो, आणि मिनिटाला हजारो वेळा तो येतो. पकड या धक्क्याहून बऱ्याच अधिक जोराची असावी लागते. ती कमी पडली तर गॅस्केट उडते, पाणी ऑइलमध्ये शिरते आणि ऑइल दुधाळ दिसू लागते. जास्त झाली तर स्टड कायमचा लांबतो, ब्लॉकमधले आटे वर ओढले जातात, किंवा हेड वाकते. म्हणजे हवा असतो तो ताण. टॉर्क रेंच मात्र ताण मोजत नाही. तो नट फिरवायला लागणारा पीळ मोजतो. सर्वसाधारणपणे या पिळापैकी निम्मा नटाच्या तळाच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. स्टड ताणण्यासाठी उरतो तो दहावा हिस्सा. सगळी अडचण इथून सुरू होते.

न्यायदर्शन यथार्थ ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पहिल्याचा दावा गॅरेजमध्ये फार जोरात केला जातो. मुरलेल्या मिस्त्रीच्या हाताला कळते, रेंच कशाला हवा, असे म्हणतात. या म्हणण्यात आदर करण्यासारखे पुष्कळ आहे. गॅस्केट दबतानाचा मऊपणा, आट्यांत अडकलेल्या कचऱ्याची करकर, एक नट इतरांपेक्षा वेगळा फिरतो आहे याची जाणीव, हे सगळे हाताला रेंचपेक्षा आधी कळते. पण प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियाचा विषयाशी संयोग होऊन झालेले ज्ञान, आणि हाताचा संयोग पान्याशी होतो. स्टडमधल्या ताणाशी नाही. हाताला कळतो तो विरोध, आणि त्यातला नऊ दशांश घर्षणाचा असतो. हात ताण खरोखर जाणतो तो एकाच क्षणी: स्टडची लवचीकता संपून पाना अचानक मऊ पडतो तेव्हा. ते ज्ञान अगदी खरे असते, पण तोवर स्टड निकामी झालेला असतो.

बौद्ध वाङ्मयात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. अतिकठोर साधनेने थकलेल्या सोणाला बुद्धांनी वीणेच्या तारेचे उदाहरण दिले: तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर वीणा वाजत नाही. बोल्ट आवळण्याच्या संदर्भात ही कथा सहज आठवते, पण ती इथे पूर्ण लागू होत नाही. तार आपला ताण स्वरातून स्वतः सांगते आणि कान तो थेट ऐकतो. ब्लॉकच्या आंधळ्या भोकात बसलेला स्टड असे काही सांगत नाही. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टची दोन्ही टोके उघडी असतात, म्हणून त्याची वाढलेली लांबी मायक्रोमीटरने मोजता येते. हेडच्या स्टडचे एक टोक ब्लॉकमध्ये गाडलेले असते. शिवाय योग्य ताण हा सैल आणि घट्ट यांच्या बरोबर मधला बिंदूही नसतो. तो स्टडच्या मर्यादेच्या बराच जवळ, तिच्या अलीकडे असतो. तडजोड म्हणून मध्यावर थांबणारा कारागीर गॅस्केट उडवतो.

म्हणून रेंचवरचा आकडा पाहून ताणाविषयी जे कळते ते अनुमान आहे. जिथे एवढा टॉर्क तिथे एवढा ताण, अशी व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्य, गृहीत धरून हे अनुमान चालते. नैयायिकांनी अशा व्याप्तीतला एक दोष फार बारकाईने दाखवला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे विधान निरपवाद आहे. उलटे विधान, जिथे अग्नी तिथे धूर, तसे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीबरोबर धूर यायचा तर इंधन ओले असावे लागते. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. उपाधी ध्यानात न घेता केलेले अनुमान अनेकदा खरे ठरते, आणि त्यामुळेच ते धोक्याचे असते.

टॉर्कवरून ताण ओळखण्यात घर्षणाची अवस्था ही नेमकी अशी उपाधी आहे. टॉर्क, स्टडचा व्यास आणि ताण यांना जोडणारा घर्षणाचा एक गुणांक अभियंते वापरतात. कोरड्या, साध्या पोलादी आट्यांसाठी तो ०.२ च्या आसपास धरतात, तेल लावलेल्यांसाठी ०.१५ च्या आसपास. एमजीएच्या ३/८ इंची स्टडला ५० फूट-पौंड दिल्यास ढोबळ हिशेबाने कोरड्या आट्यांत सुमारे ३.६ टन ताण येतो आणि तेल लावल्यावर सुमारे ४.८ टन. रेंचवर दोन्ही वेळा आकडा तोच. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावून पाळला तर ताण एक तृतीयांशाने वाढतो, आणि तो जुन्या स्टडला सोसेलच असे नाही. उलट गंजलेल्या आट्यांत सगळा पीळ घर्षणातच जिरतो; तापलेल्या गोळ्यातल्या अग्नीसारखा तिथे टॉर्क असतो आणि ताण नसतो. आंधळ्या भोकात तेल साचले असेल तर स्टड तेलावरच अडतो, आकडा पुरा होतो, आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. काळजीपूर्वक केलेल्या कामातही टॉर्क रेंचने आवळलेल्या बोल्टांच्या ताणात २५ ते ३० टक्के इकडेतिकडे होते, असे अभियांत्रिकीत गृहीत धरले जाते.

आटे साफ करणे, भोकातले तेल आणि पाणी हवेने उडवून काढणे, जाड कडक वॉशर वापरणे, ठरवलेलेच वंगण ठरवलेल्याच जागी लावणे: गॅरेजमध्ये ही कामे किरकोळ मानून शिकाऊ पोरांकडे सोपवली जातात. न्यायाच्या भाषेत बघितले तर तीच मुख्य कामे आहेत. त्यांनी उपाधी आटोक्यात येते. शेवटचा ‘टक’ असा आवाज देणारा रेंच फक्त अनुमानाचा हेतू, म्हणजे खूण, पुरवतो. नवीन इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर नट ठरावीक अंशांत फिरवण्याची पद्धत आली ती याच कारणाने. आट्यांची चढण ठरलेली असल्यामुळे फिरवलेला कोन घर्षणाच्या लहरीवर फारसा अवलंबून राहत नाही. जुन्या स्टडना ती पद्धत बेधडक लावणे मात्र चूक आहे, कारण ते त्या हिशेबाने घडवलेले नसतात.

उपमानाबद्दल थोडक्यात सांगता येते. रानगवा गाईसारखा असतो असे ऐकलेला माणूस रानात तो प्राणी पाहून त्याला ओळखतो, हे शास्त्रातले उदाहरण. एमजीएचे १४८९ सीसीचे इंजिन बीएमसीच्या बी-मालिकेतले, आणि हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरमध्ये अनेक दशके चाललेले १४८९ सीसीचे इंजिनही त्याच घराण्यातले. त्यामुळे अँबॅसडरवर आयुष्य घालवलेला मिस्त्री एमजीएचे बॉनेट उघडताच समोर काय आहे ते ओळखतो, आणि ही ओळख अमोल असते. पण नैयायिकांच्या मते उपमानाने कळते ते हेच, की या वस्तूला अमुक म्हणतात. साम्यावरून मोजमाप मिळत नाही. त्याच न्यायाने पद्मिनीच्या ॲल्युमिनियम हेडची सवय बिडाच्या हेडला लावता येत नाही: ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून गरम इंजिनात त्याच्या स्टडवरचा ताण आपोआप वाढतो, आणि बिडाच्या हेडमध्ये तो तसा वाढत नाही.

राहतो तो शब्द, म्हणजे मॅन्युअल. भारतीय परंपरेत शब्दाच्या अधिकाराबद्दल दोन मोठ्या भूमिका आहेत. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ता नाही, म्हणून कर्त्याचे दोषही नाहीत. नैयायिक म्हणतात की प्रत्येक वाक्याला वक्ता असतो, आणि वाक्य विश्वसनीय ठरते ते वक्ता आप्त असल्यामुळे. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा कोणीही. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात स्पष्ट केले आहे की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते. वेदांचा अधिकार मानणाऱ्या परंपरेने ज्ञानाच्या बाबतीत ही मोकळीक ठेवली, ही गोष्ट आजही मोलाची आहे. ॲबिंग्डनचा अभियंता या व्याख्येने आप्त ठरतो, आणि पद्मिनीवर हात घासलेला कुर्ल्याचा कामगारही.

गॅरेजात छापील आकड्याला बहुधा अपौरुषेय वाक्याचे स्थान मिळते. तो कोणी, केव्हा, कोणत्या स्टडसाठी सांगितला हे विचारले जात नाही. ५० म्हणजे ५०. न्यायाची भूमिका इथे अधिक खरी आणि अधिक उपयोगी आहे. हा आकडा कोणाचे तरी वाक्य आहे. त्या वक्त्यासमोर कारखान्यातून नुकताच आलेला सपाट ब्लॉक होता, त्या काळच्या पोलादाचे नवे स्टड होते, तांबे आणि ॲस्बेस्टॉसचे गॅस्केट होते. त्याने खोटे काहीच सांगितले नाही. आज मात्र हेडला फेसिंग मारलेले असते, ब्लॉकमधले खराब आटे काढून हेलिकॉइल बसवलेले असतात, गॅस्केट वेगळ्या द्रव्याचे असते आणि स्टड दुसऱ्याच कोणीतरी बनवलेले असतात. वाक्य तसेच राहिले आणि त्याचा विषय बदलला. नवे स्टड किंवा नवे गॅस्केट बनवणाऱ्याने स्वतःचा आकडा आणि स्वतःचे वंगण सांगितले असेल, तर त्या वस्तूपुरता आप्त तोच आहे, आणि जुन्या पुस्तकाविरुद्ध त्याचे ऐकणे हा पुस्तकाचा अनादर होत नाही.

तर्कसंग्रहात वाक्याचा अर्थ कळण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात असे म्हटले आहे. गाय, घोडा, माणूस असे सुटे शब्द उच्चारले तर त्यांतून वाक्य होत नाही, कारण ते परस्परांची अपेक्षा पुरवत नाहीत. ‘५० फूट-पौंड’ हाही तसाच सुटा शब्द आहे. कोणता नट, कोरडा की तेल लावलेला, थंड इंजिनावर की गरम, कोणत्या क्रमाने, किती टप्प्यांत, हे जोडल्यावर त्याचे वाक्य होते. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात. नाहीतर गॅस्केट एका बाजूला दबते आणि मध्ये फुगते. तोंडी फिरणारे आकडे चुकतात ते बहुतेक वेळा संख्या चुकल्याने नव्हे, तर वाक्य तुटल्याने.

मग आप्त कोण हे ओळखायचे कसे? न्यायसूत्रांत वेदांच्या प्रामाण्यासाठी दिलेला दाखला इथे फार चपखल आहे. मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ इथेच अनुभवाला येते. ते सांगणाऱ्यांची विश्वसनीयता तिथे पटली, म्हणून न दिसणाऱ्या विषयांतही त्यांचे वचन मानावे. श्रद्धेला दिलेला हा आधार डोळस आहे, आणि मॅन्युअलवर तो जसाच्या तसा वापरता येतो. ताण मोजता येत नाही, पण त्याच पुस्तकातल्या इतर गोष्टी मोजता येतात: सिलिंडरचा व्यास, स्टडची लांबी आणि व्यास, क्रँकच्या जर्नलचे माप. ती मायक्रोमीटरवर जुळली, तर पुस्तक याच इंजिनाबद्दल बोलते आहे हे ठरते, आणि न मोजता येणारा आकडाही विश्वासाने घेता येतो. ती जुळली नाहीत, तर ब्लॉक बदललेला असू शकतो किंवा पुस्तक दुसऱ्या मॉडेलचे असू शकते. भारतात आलेल्या जुन्या गाड्यांत पुर्जे इकडचे तिकडे होणे नेहमीचे असल्यामुळे ही तपासणी टाळता येत नाही.

मराठी परंपरेत या संदर्भात ज्ञानेश्वरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘अमृतानुभवा’त शब्दाचे उपकार मानून पुढे त्याचे खंडनही केले आहे, आणि शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले एवढ्यासाठीच आपण हे मानत नाही, त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच असते, असा निर्भय पवित्रा तिथे आहे. पण ज्ञानेश्वर बोलत होते ते स्वयंप्रकाश आत्मवस्तूबद्दल, जिला कळण्यासाठी दुसरे साधन लागत नाही. स्टडचा ताण स्वयंप्रकाश नाही. ‘पुस्तक गुंडाळून ठेवा, अनुभव बघा’ असे म्हणणारा मिस्त्री संतांचा अधिकार अशा जागी वापरतो जिथे त्यांनी तो दिलेला नाही.

यावर चार्वाकाचा आक्षेप उभा राहतो. प्रत्येक आट्याचे घर्षण डोळ्याआड असेल आणि जुन्या पोलादाचा थकवा कोणी पाहिला नसेल, तर खात्री कधीच होणार नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त अशा शंकेला मर्यादा घातली आहे: शंका तिथवरच चालते, जिथे ती शंका घेणाऱ्याच्याच कृतीशी विसंगत होऊ लागते. घर्षणाबद्दल काहीच कळत नाही असे मानणारा हातात रेंचच घेणार नाही. ज्याने घेतला त्याने काही नियम मानले, आणि त्यापुढे त्याने घ्यायची ती नेमक्या जागेची नेमकी शंका: हा एक नट लवकर का अडला, या स्टडची मान बारीक का दिसते, रेंच शेवटचा कधी तपासला होता.

ज्ञान खरे होते हे शेवटी कशाने ठरते? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाध येईपर्यंत ते खरेच मानायचे. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून कळते: पाणी समजून पुढे गेलेल्याची तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरे होते. हेडच्या बाबतीत हे फळ उशिरा येते. चुकीचा टॉर्क पहिल्या दिवशी दिसत नाही; हजारो किलोमीटरनंतर, बहुधा घाटात, गॅस्केट उडते. ओळखीच्या प्रसंगी मात्र फळाची वाट पाहावी लागत नाही, हेही नैयायिक मानतात. अनेकदा सफल झालेल्या ज्ञानाच्या जातीचे हे ज्ञान आहे, एवढ्यावरून आधीच खात्री करता येते. अनुभवी मिस्त्रीचा अधिकार खरा आहे तो इथे. हाताच्या अंदाजात नव्हे, तर अनेक इंजिनांची फळे लक्षात ठेवण्यात.

जुन्या इंजिनांत या पडताळणीसाठी एक ठरलेली जागाही आहे. इंजिन पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर आणि नंतर काहीशे किलोमीटर चालल्यावर गॅस्केट बसते आणि स्टडचा ताण उतरतो. तेव्हा निर्मात्याने सांगितलेल्या अवस्थेत, म्हणजे गरम किंवा थंड इंजिनावर, एकेक नट क्रमाने किंचित सैल करून पुन्हा आकड्यावर आणतात. सैल न करता रेंच लावला तर चिकटून बसलेल्या नटाचे स्थिर घर्षणच मोजले जाते आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो. नंतर टॅपेट पुन्हा सेट करावे लागतात, कारण हेड थोडे खाली बसलेले असते. एखादा नट आकड्यावर येतच नसेल, फिरतच राहत असेल, तर स्टड लांबत आहे किंवा आटे सुटत आहेत. हा बाध आहे, आणि तिथे काम थांबवून तो स्टड बाहेर काढला पाहिजे. काम पूर्ण झाल्यावर स्टड आणि गॅस्केट कोणाचे, वंगण कोणते, टप्पे किती, रेंचवर आकडा कोणता, हेडचे फेसिंग किती मारले आणि रीटॉर्क कोणत्या तारखेला केला, हे गाडीच्या कागदांत लिहून ठेवायचे असते. पुढे कधीतरी ते हेड उतरवणाऱ्याला याच गाडीबद्दल, ती पाहिलेल्या माणसाने सांगितलेले पूर्ण वाक्य त्यातून मिळते.